कडब्याच्या गाडीवरून पाहिलेला सामना

त्या दिवशी मैदानावर किती माणसं जमली होती, हे कुणालाच धड सांगता आलं नाही. कुणी म्हणायचं, संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेला जमतात त्याहून जास्त. कुणी म्हणायचं, अख्खं सोलापूर आणि वर निम्मा जिल्हा. आमच्या चाळीतला एक म्हातारा तर सांगायचा की त्या दिवशी चोऱ्या झाल्या नाहीत, कारण चोरसुद्धा मॅच बघायला गेले होते. माझ्यापुरतं सांगायचं तर एवढी माणसं एका जागी मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही पाहिली नाहीत.

पंचवीस ते तीस सालांच्या मधली ही गोष्ट. माझं लग्न होऊन दुसरं वर्ष चालू होतं. माहेर केमचं. तिथं आमची थोडी जमीन आणि थोडी मेंढरं. दारासमोरून आगगाडी जायची, तिच्यात बसून मी सोलापूरला नांदायला आले आणि गिरणीमागच्या चाळीतल्या दोन खोल्यांत राहू लागले. घरात माणसं मोजकी. सासूबाई, वन्सं, हे आणि मी.

हे गिरणीत साचेखात्यात होते. दिवसभर मागांच्या खडखडाटात उभं राहायचं आणि भोंगा झाला की तसंच मैदानावर पळायचं. गिरणीचा फुटबॉलचा संघ होता, त्यात हे बॅकला खेळायचे. बॅक म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. एवढंच दिसायचं की घरी येताना गुडघे फुटलेले, अंगठ्याचं नख काळंनिळं, आणि चेहरा मात्र पोटभर जेवल्यासारखा. मी तेलात हळद गरम करून द्यायची. सासूबाई समोर बसलेल्या असायच्या, त्यामुळं ती वाटी माझ्या हातून ह्यांच्या हातात कधी गेली नाही. वन्सं मधे हात घालून ती घ्यायच्या आणि ह्यांच्यापुढं सरकवायच्या. माझ्याकडं बघून किंचित हसायच्या. नव्या नवरीची अडचण त्यांना न सांगता कळायची.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. हे तिला आक्का म्हणायचे. सासरे लवकर गेले, सासूबाई गिरणीत सुताच्या कांड्या भरायला जाऊ लागल्या, आणि ह्यांना वाढवलं ते वन्संनीच. मधे वन्संचं लग्न झालं, पण वर्षाच्या आत नवरा पटकीनं गेला आणि त्या परत माहेरी आल्या. तेव्हा त्या मी नांदायला आले त्या वयाहूनही लहान होत्या. आमच्यात विधवेचा पाट लावतात. तसं निघालंही होतं. पण त्यांनीच नको म्हटलं. भाऊ लहान आहे, आई कामाला जाते, त्याला कोण बघणार, एवढंच बोलल्या म्हणे. ह्यांचा पहिला चेंडू त्यांनीच केलेला, चिंध्यांचा, वरून गिरणीतलं वाया गेलेलं सूत गुंडाळलेला. चाळीच्या बोळात त्या चेंडू टाकायच्या आणि हे मारायचे.

मी घरात आले तेव्हा वन्सं तिशीच्या आसपास असतील. बाहेर म्हणून पडायच्या त्या पहाटे नळावर आणि सोमवारी देवळात, तेही गल्ली जागी व्हायच्या आत. लग्न नाही, बारसं नाही, हळदीकुंकू तर नाहीच. शेजारचं कुणी कार्याला निघालं की त्या आपणहून दाराआड व्हायच्या. कुणाला सांगावं लागत नव्हतं, आणि तेच मला फार लागायचं. सासूबाईंना दुष्ट म्हणवत नाही. त्या स्वतः विधवा. मान खाली घालून वर्षानुवर्षं गिरणीच्या फाटकातून आत-बाहेर केलेली बाई. तरुण मुलगी लोकांच्या तोंडी पडू नये, ह्या एका भीतीनं त्यांनी आयुष्य काढलं होतं. मुलगा कमावता झाल्यावर गिरणी सुटली, भीती सुटली नाही.

मैदान चाळीपासून लांब नव्हतं. मधे गिरणीची मागची भिंत आणि कडुलिंबाची झाडं. सामना असला की लोकांचा ओरडा आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. मला तो सगळा सारखाच वाटायचा. वन्संनी मला तो ऐकायला शिकवलं. ज्वारी निवडता निवडता त्यांचा हात थांबायचा, मान तिरकी व्हायची. एकदम उसळून आला की गोल. खालून वर चढत गेला आणि मधेच तुटला की गोल हुकला. आणि सुस्कारा टाकल्यासारखा आला की आपल्यावर बसला. कधी कधी बारीक, खूश झालेला ओरडा यायचा तेव्हा त्या म्हणायच्या, हा बॅकनं चेंडू काढला त्याचा. मग पुन्हा ज्वारीत हात घालायच्या. अशी ती सगळी मॅच त्या घरात बसून बघायच्या. मैदानाचं गवत मात्र त्यांनी पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी गिरणीचा संघ शेवटच्या सामन्यापर्यंत पोचला. समोर रेल्वेवाल्यांचा संघ. दोन्हीकडं पोरं तगडी, आणि दोन्हीकडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या एकाच गावात राहून एकमेकांना चिडवणारे. आठवडाभर नळावर, चहाच्या दुकानात, देवळाच्या पायरीवर दुसरा विषय नव्हता. रेल्वेवाले कुर्डुवाडीहून, दौंडहून आपली माणसं घेऊन येणार असं ऐकू येत होतं. गिरणीनं त्या दिवशी भोंगा लवकर करायचं कबूल केलं. हे मात्र घरी जेवताना भाकरीचा तुकडा हातात धरून बसायचे.

सामन्याच्या दिवशी दुपारी माझे वडील दारात उभे राहिले. खांद्यावर घोंगडं, हातात गूळ-शेंगांचं गाठोडं. केमच्या स्टेशनवर त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की तुमच्या जावयाचा सोलापुरात मोठा खेळ आहे, गाडी भरभरून माणसं चालली आहेत. ते तसेच डब्यात चढले होते. फुटबॉल म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं. सासूबाईंनी त्यांना पाणी दिलं, चहा केला. हे सकाळीच गिरणीत गेलेले, तिथूनच मैदानावर जाणार होते.

चहा संपवून वडील उठले आणि सहज म्हणाल्यासारखं मला म्हणाले, "चल की. तूबी बघ."

मी सासूबाईंकडं पाहिलं. त्यांची चुळबुळ झाली. व्याही पहिल्यांदाच घरी आलेले, त्यांना नाही कसं म्हणायचं. तिथं बायका जात नाहीत, असं त्यांनी सांगून पाहिलं. वडील म्हणाले, बाप संगं असल्यावर लेकीला कोण काय म्हणतंय. सासूबाई चहाची भांडी आवरू लागल्या. म्हणजे परवानगी मिळाल्यासारखंच होतं. मी पदर सावरला आणि उंबऱ्याशी जाऊन थांबले. आत वन्सं चुलीपुढं बसल्या होत्या, पाठमोऱ्या. चुलीवर काही नव्हतं.

मला कुठून धीर आला ते अजून कळत नाही. मी सासूबाईंना म्हणाले, "वन्सं येनार असतील तर मी जाते. न्हायतर मला न्हाय जायचं."

वन्संनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. वडिलांना आमच्या घरातलं काही ठाऊक नव्हतं. ते साधेपणानं बोलून गेले, "मग त्यांनाबी घ्या की. भाऊ हाय त्यांचा."

सासूबाई उठल्या. दांडीवरची स्वतःची चादर ओढली, आत गेल्या आणि वन्संच्या खांद्यावर टाकली. "डोकं नीट झाक," एवढंच म्हणाल्या. वन्सं उठल्या. चाळीतून बाहेर पडेपर्यंत त्यांनी माझा दंड सोडला नाही.

रस्त्यावर आलो आणि त्यांची पकड सैल झाली. कारण आमच्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती. सगळा रस्ता एकाच दिशेनं वाहत होता. तेलुगू बोलणारे विणकर, मुसलमान टांगेवाले, कानडी बोलणारे पेठेतले दुकानदार, खेड्यातली पागोटी, शाळेतली पोरं. टांगे मधेच अडकले होते आणि टांगेवाले घोडे तिथंच सोडून चालत निघाले होते. वन्सं मला हळूच म्हणाल्या, "अगं, आपल्याकडं कोनच बघंना." त्या आवाजात नवल होतं. रोज पहाटे अंधारात नळावर जाणाऱ्या बाईला भर दुपारी लपायला जागा मिळाली होती, आणि ती जागा म्हणजे माणसंच होती.

मैदानाच्या कडेला दोर बांधला होता म्हणे. मला तो दिसला नाही. माणसांच्या पाठीच दिसल्या. लिंबाच्या झाडांवर पानांपेक्षा पोरं जास्त. गिरणीच्या भिंतीवर पाय सोडून बसलेले लोक, पलीकडच्या घरांच्या धाब्यांवर लोक. त्यांच्या मागं बैल सोडलेल्या गाड्या एकीला एक लावून उभ्या केल्या होत्या आणि त्यांच्यावर आणखी लोक. वडिलांनी इकडंतिकडं पाहिलं आणि गाड्यांकडं वळले. माणसांच्या गर्दीत त्यांना काही उमजत नव्हतं, पण गाडीवाल्याशी कसं बोलावं ते उमजत होतं.

एका गाडीत तळाला थोडा कडबा शिल्लक होता. गाडीवाला अक्कलकोटकडचा म्हातारा, गळ्यात शिवलिंग बांधलेला, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलणारा. कडबा विकायला आलेला, सामन्यापायी अडकला होता. वडील त्याच्याशी काहीतरी बैलांचं बोलले, मग आमच्याकडं बोट दाखवलं. त्यानं गाडीवर बसलेल्या तीन-चार पोरांना खाली उतरवलं आणि हात पुढं केला. तो आधी वन्संकडं केला. "बर्री अव्वा, म्याले बर्री," म्हणाला. या आई, वर या. वन्सं जागच्या हलेनात. त्यांचं कपाळ मोकळं होतं, ते त्याला दिसत होतं. कुठल्याही गोष्टीत पुढं व्हायची त्यांना सवय नव्हती. त्यानं पुन्हा तेच म्हटलं, आणि त्या चढल्या. मग मी चढले. वडील खाली चाकाला टेकून उभे राहिले.

वर उभं राहिल्यावर मैदान दिसलं. मधे मोकळी, तपकिरी, चौकोनी जमीन, आणि चारी बाजूंनी माणसं, माणसांच्या मागं माणसं. वन्सं बघतच राहिल्या. गवत कुठाय, असं त्यांनी मला विचारलं. गवत नव्हतंच. नुसती माती.

मग हे दिसले. अनवाणी, गुडघ्यापर्यंत चड्डी, अंगात गिरणीचा निळा शर्ट. घरात खाली मान घालून जेवणारा माझा नवरा तिथं कमरेवर हात ठेवून उभा होता आणि बाकीच्यांना काहीतरी सांगत होता. मी त्याला तसं कधी पाहिलं नव्हतं. मला एकदम लाज वाटली, परक्या पुरुषाकडं बघताना वाटते तशी.

खेळ सुरू झाला. मला काही कळत नव्हतं, पण वन्संना कळत होतं. इतकी वर्षं कानांनी पाहिलेलं त्या डोळ्यांनी ताडून बघत होत्या. रेल्वेवाले चढून आले की त्यांची बोटं माझ्या मनगटात रुतायची. मग हे मधे घुसायचे, चेंडू लांब उडायचा, आणि तो बारीक, खूश झालेला ओरडा यायचा. "ह्योच त्यो," वन्सं म्हणायच्या. "बघ. ह्योच."

आणि त्या ओरड्यात ह्यांचं नाव होतं. लांबून घरापर्यंत ते कधी पोचलं नव्हतं. इथं मात्र झाडावरची पोरं, भिंतीवरचे लोक, गाडीवाले, सगळे ते नाव घेत होते. मी ते लग्नात उखाण्यात एकदा घेतलं होतं, त्यानंतर कधी नाही. दळताना, पाणी भरताना मनातल्या मनात म्हणायची तेवढंच. आणि इथं अख्खं गाव ते नाव मोकळ्या गळ्यानं ओरडत होतं, जणू ते सगळ्यांच्याच घरचं होतं. माझे कान तापले. तेवढ्यात शेजारी वन्संनी ह्यांना हाक मारली. नावानं नाही, लहानपणी बोळात चेंडू टाकताना मारायच्या त्या हाकेनं. आधी हळू, मग चादर डोक्यावरून घसरली तरी भान नाही, अशी. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तूबी घे की नाव. हितं कोन ऐकतंय?"

मी खाली वडिलांकडं पाहिलं. ते समोर बघत होते. मग मी नाव घेतलं. पहिल्यांदा ओठातल्या ओठात. दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं. नंतर किती वेळा घेतलं आणि किती मोठ्यानं, ते मला सांगता यायचं नाही. घसा दुसऱ्या दिवशी बसला होता, एवढं खरं.

मधल्या सुट्टीत म्हाताऱ्यानं फडक्यातली कडक भाकरी आणि शेंगांची चटणी काढली. पहिला तुकडा वन्संना दिला.

सुट्टीनंतर घोटाळा झाला. मागून लोकांचा लोंढा आला, कारण रेल्वेची आणखी एक गाडी आली होती म्हणे. पुढच्यांना उभं राहवेना. दोर तुटला आणि माणसं खेळाच्या जागेत सांडली. पोरं पडली, कुणी रडत होतं. रेफ्रीनं शिट्टी फुंकून फुंकून शेवटी खेळ थांबवला. सामना रद्द होणार असं गाडीवाले बोलू लागले. पोलीस काठ्या घेऊन पुढं सरकले. तेव्हा हे आणि रेल्वेचा एक धिप्पाड गडी एकमेकांशी काहीतरी बोलले, आणि दोन्ही संघांतल्या पोरांनी एकमेकांचे हात धरले. निळा शर्ट, लाल शर्ट, निळा, लाल, अशी साखळी करून ते कडेकडेनं चालू लागले. कुणाला ढकललं नाही. मागं व्हा, मागं व्हा, पोरं चेंगरतील, असं म्हणत चालत राहिले. लोकही मागं होऊ लागले. आपल्या गड्याचा हात समोरच्या गड्याच्या हातात बघितल्यावर भांडणार कुणाशी?

ती साखळी आमच्या बाजूला आली. हे अगदी गाडीसमोर आले, मान वर केली, आणि थांबले. आम्ही येणार हे ह्यांना ठाऊक नव्हतं. माझ्याकडं नजर गेली, पण थांबली ती बहिणीवर. उघड्या डोक्यानं, भर उन्हात, हजारो माणसांत उभी असलेली बहीण. रेल्वेच्या गड्यानं हात ओढला तरी हे हलेनात.

"आक्का?" म्हणाले.

"खेळ की," वन्सं म्हणाल्या. "बघतोय आमी."

ह्यांनी मान हलवली आणि साखळीबरोबर पुढं गेले. जाताना मान वाकडी करून खांद्याच्या बाहीला डोळे पुसले. घाम असेल. माझे वडील चाकाशी उभे होते, ते म्हणाले धूळ लई हाय.

सामना पुन्हा सुरू झाला आणि आम्ही हरलो. शेवटी शेवटी, ऊन लिंबांच्या शेंड्यावर गेलेलं असताना, रेल्वेनं एक गोल केला. ह्यांच्या डोक्यावरून चेंडू गेला. ह्यांनी उडी मारली होती, पोचली नाही. त्या क्षणी मैदानाची आमच्याकडची बाजू गप्प झाली. तसला गप्पपणा मी कधी अनुभवला नव्हता. घरात बसून ओरडा ऐकू येतो, हा गप्पपणा ऐकू येत नाही. वन्संनाही तो नवा होता. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. सगळ्यांचे चेहरे त्यांच्यासारखेच झाले होते. इतकी माणसं आपल्या भावासाठी वाईट वाटून घेत आहेत, हे बघून त्या रडू लागल्या, आणि रडतारडता हसूही लागल्या.

घरी आलो तेव्हा सासूबाई दारात बसून होत्या. निकाल त्यांना कळला होता. हे दिवेलागणीनंतर आले, पाय धुतले, भिंतीला टेकून बसले. मी तेल-हळदीची वाटी आणली. वन्सं शेजारीच होत्या, पण त्या दिवशी त्यांनी हात पुढं केला नाही. चुलीकडं तोंड करून बसून राहिल्या. सासूबाई माझ्या वडिलांना केमच्या पाण्यापावसाचं विचारू लागल्या. मी वाटी ह्यांच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी नळावर व्हायचं ते झालं. चाळीतल्या एकीनं वन्संना गाडीवर पाहिलं होतं. कपाळ पांढरं असलेली बाई पुरुषांत उभी राहून ओरडत होती, लाज कशी वाटत नाही, असं ती चार जणींत बोलली. मी हंडा भरत होते. माझ्या मागं सासूबाई उभ्या होत्या. मला वाटलं, आता संपलं. सासूबाईंनी घागर खाली ठेवली.

"भावाचा खेळ बघाया गेलती," त्या म्हणाल्या. "मीच धाडली. फुडल्या वर्सी मीबी जानार हाय."

आवाज चढवला नाही. घागर उचलली आणि नळाखाली लावली.

वडिलांना पोचवायला मी आणि हे स्टेशनवर गेलो. गाडीची वाट बघताना वडील बराच वेळ काहीतरी मनात घोळवत होते. शेवटी त्यांनी जावयाला अदबीनं विचारलं, की बाकी सगळं समजलं, पण एवढी तगडी पोरं त्यो चेंडू हातानं का उचलत न्हाईत? हे सामना हरल्यापासून पहिल्यांदा हसले. मग बाकावर बसून, गाडी येईपर्यंत, त्यांनी माझ्या वडिलांना सगळा खेळ समजावून सांगितला. मी शेजारी उभी राहून ऐकलं. मला बॅक म्हणजे काय ते तिथं कळलं.

पुढच्या वर्षी सासूबाई काही आल्या नाहीत, त्यांचे गुडघे दुखायचे. पण वन्सं आणि मी गेलो, आणि आमच्याबरोबर चाळीतल्या आणखी बायका. गाड्यांच्या रांगेत एक कोपरा बायकांचा म्हणून ठरूनच गेला. माणसं मात्र तितकी परत कधी जमली नाहीत. वन्संनी त्या थंडीत गिरणीत नाव घातलं आणि कांडीखात्यात जाऊ लागल्या, जिथं त्यांची आई जायची. त्या दिवसाउजेडी जायच्या, चौघींत बोलत जायच्या.

संक्रांतीला त्यांनी घरात सांगितलं की मी गड्ड्याला जाऊन येते. विचारलं नाही, सांगितलं. सासूबाईंनी मान हलवली. परत आल्या तेव्हा हातात कागदाचा पुडा होता, त्यात गुळाची गोडीशेव. तो त्यांनी आईच्या पुढ्यात उघडून ठेवला. सासूबाईंना दात कमी होते. त्यांनी एक कांडी तोंडात धरून हळूहळू विरघळू दिली, आणि दुसरी घेतली.